शेजारची सीट

दोन्ही सीट एका वयाच्या वाटत नाहीत, असं 'मेकॅनिकचा जावई' या नावानं कुणीतरी लिहिलं, तेव्हा तो दोन ऑपरेशनांच्या मधल्या वेळात कपडे बदलायच्या खोलीत बाकावर बसून चहा पीत होता. चहा नेहमीप्रमाणे गार झाला होता. भूलतज्ज्ञाला गरम चहा मिळत नाही. सर्जन हातमोजे काढून मोकळा होतो. भूल देणारा मात्र पेशंट जागा होऊन स्वतःचं नाव धड सांगेपर्यंत त्याच्या उशाशी उभा. इतक्या वर्षांत त्याला गार चहाच आवडायला लागला होता. फोनवर लिलावाचं पान उघडं होतं. वर त्याच्या गडद निळ्या गाडीचा फोटो, खाली बोली, आणि त्याच्याही खाली लोकांचे प्रश्न. प्रश्न सगळ्यांना दिसायचे आणि उत्तरंही सगळ्यांना दिसायची, हा त्या साइटचा नियम होता. आजचा प्रश्न असा होता: 'चालकाच्या सीटचं चामडं कडेनं उसवलंय, रंग उडालाय. ते ठीक. पण शेजारची सीट कालच दुकानातून आणल्यासारखी. तिचा पट्टासुद्धा कडक दिसतो. सीट आणि पट्टा दोन्ही बदलतात ते अपघातात एअरबॅग फुटल्यावर. मालकांनी अपघात लपवलाय का?' त्याखाली आणखी चार जणांनी 'हेच विचारणार होतो' असं लिहून हात धुऊन घेतले होते. सकाळपासून वर वर चाललेली बोली प्रश्न आल्यापासून जागच्या जागी थांबली होती.

पहिल्यांदा त्याला राग आला. लपवलाय? त्यानं? उजव्या दारावरचा नखाएवढा ओरखडा नीट दिसावा म्हणून ऊन तिरपं होईपर्यंत वाट पाहून ज्यानं फोटो काढला, त्यानं? थंड असताना सुरू केलं की इंजिन एकदा खोकतं, तो खोकला रेकॉर्ड करून ज्यानं पानावर चिकटवला, त्यानं? लेक तर हसली होती. म्हणाली होती, "बाबा, तुम्ही गाडी विकताय की तिची तक्रार करताय?" लेक दुसऱ्या शहरात नोकरीला होती आणि लिलावाची सगळी सूत्रं तिच्या हातात होती. नंबरप्लेट झाकून फोटो काढायचे. फोटोत मागे आपली बिल्डिंग दिसता कामा नये. पत्ता कुणालाही द्यायचा नाही. चक्कर मारून बघतो म्हणणाऱ्याची ओळख आधी साइटवाल्यांनी तपासायची, मगच भेटायचं, तेही दिवसाढवळ्या, बँकेच्या आवारात. आणि पैसे लिलाव कंपनीकडे जमा झाल्याचं कंपनीनं कळवल्याशिवाय किल्ली हातातून सोडायची नाही, समोरचा कितीही साखर पेरत बोलो. तशी साखर पेरणारा एक भेटलाही होता. मी परदेशात आहे, लिलाव कशाला, पैसे आत्ताच पाठवतो, माझा माणूस येऊन गाडी घेऊन जाईल, तुम्ही फक्त फोनवर आलेला आकडा मला सांगा. लेकीनं तो निरोप वाचला आणि म्हणाली, "तो आकडा सांगितलात ना, की खातं धुऊन निघालं समजा." तेव्हापासून तो डोळ्यात तेल घालून बसला होता. सगळीकडून बंदोबस्त केला होता, आणि अडचण आली ती भलत्याच बाजूनं. त्या सीटला काहीही झालेलं नव्हतं, हीच तिची अडचण होती.

राग ओसरल्यावर त्याला उत्तर सुचलं, आणि ते सुचताच त्यानं फोन पालथा घातला. अपघात झालेला असता तर लिहायला सोपं होतं. कधी झाला, काय बदललं, बिल हे. पण या सीटवर गाडी घेतल्यापासून कुणी बसलेलंच नाही, हे लिहायचं कसं? आणि लिहिलं की ते घरी वाचलं जाणार. लेकीनं लिलावाची लिंक आईलाही पाठवली होती. बायको रोज शाळेतून आल्यावर चष्मा लावून बोली कुठवर आली ते बघायची आणि काही न बोलता फोन ठेवायची. त्या पानावर त्यानं ते वाक्य लिहिलं, की दहा-अकरा वर्षं घरात जे कुणी बोललं नव्हतं ते चव्हाट्यावर आलं असतं, आणि तेही गाडीच्या चामड्याबद्दल म्हणून. गाडी गेली नाही तर पुढच्या महिन्यात पुन्हा लावता येईल. ते वाक्य एकदा घरात वाचलं गेलं की परत घेता येणार नव्हतं. नर्सनं दारातून डोकं घालून सांगितलं की पुढचा पेशंट आत घेतलाय. त्यानं उरलेला चहा एका घोटात संपवला आणि हात धुवायला गेला. पाणी कोपरापर्यंत घेताना त्याला एकदम त्या सीटचा वास आला, नव्या चामड्याचा, जो चालकाच्या बाजूला कधीच उडून गेला होता.

गाडी घरी आणली तो दिवस त्याला जसाच्या तसा आठवत होता, म्हणजे त्याला तसं वाटत होतं. पन्नाशीत माणसं काहीबाही करतात. कुणी धावायला लागतं, कुणी गाणं शिकायला लागतं. त्यानं दोन सीटची, जमिनीलगत बसायची, विनाकारण वेगात पळणारी गाडी घेतली, तीही दुसऱ्याच्या हातची नाही, कोरी. घरात विचारलं नव्हतं. विचारायची सवय नव्हती म्हणून नव्हे, नाही म्हटलं जाईल म्हणून. खाली उभी करून हॉर्न वाजवला. बायको ओले हात पुसत खाली आली, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, "छान आहे." तो म्हणाला, "बस की, एक चक्कर मारून येऊ." तिनं हात दाराच्या मुठीपर्यंत नेला होता. मग वर कुठेतरी बघितलं आणि हात मागे घेतला. "यात आई कुठे बसणार?" तो म्हणाला, ही तशी गाडी नाही. घरची मोठी गाडी होती. तिच्यात तो चालवायचा, बायको शेजारी आणि आई मागच्या सीटवर मधोमध, पर्स मांडीवर घेऊन. तसंच असायचं सगळं. "मग राहू दे," बायको म्हणाली, "तुम्ही जाऊन या." तो गेला. शहराबाहेरच्या मोठ्या रस्त्याला लागल्यावर त्याला आपण दुखावलो आहोत असं वाटायला हवं होतं. पण खरं म्हणजे त्याला हलकं वाटत होतं. शाळा सुटल्यावर वाटतं तसं. हे हलकं वाटणं त्यानं कुणालाच सांगितलं नाही, आणि पुन्हा तिला बस म्हणून विचारलंही नाही. आई गेली, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. 'आई कुठे बसणार' हा प्रश्न मिटला होता. तरी त्यानं विचारलं नाही आणि तिनंही विषय काढला नाही. घरात भांडण नव्हतं, अबोला नव्हता. सगळं सुरळीत होतं. सुरळीत असलेल्या गोष्टीला हात लावायचा नाही हे तर त्याच्या धंद्याचं पहिलं सूत्र होतं.

आणि ती सीट अगदीच रिकामी होती असंही म्हणता येत नव्हतं. हे मात्र त्याला स्वतःशी कबूल करायलाही अवघड जात होतं. गाडी घेतल्यावर काही महिन्यांनी एक पेशंट टेबलावरच दगावला. कुणाची चूक नव्हती. सगळे तसं म्हणाले आणि ते खरंही होतं. परत येताना सिग्नलला थांबला असताना तो एकदम मोठ्यानं म्हणाला, "अगं, आज काय झालं माहितीये का?" आणि सांगत सुटला. शेजारच्या सीटकडे न बघता, समोर रस्त्याकडे बघत, पण बायकोलाच. ती शेजारी बसली आहे, तिनं पट्टा लावला आहे, ती ऐकते आहे. घरी पोचेपर्यंत त्याचं सगळं सांगून झालं. वर गेल्यावर बायकोनं विचारलं, "काय, कसा गेला दिवस?" तो म्हणाला, "नेहमीसारखाच." खोटं बोलायचं म्हणून नव्हे. त्याचं खरोखरच सांगून झालेलं होतं. मग ती सवयच झाली. चांगल्या दिवसाचंही सांगायचा, सर्जनच्या नकला करायचा, एकदा तर लेकीच्या लग्न न करण्यावरून या शेजारच्या बायकोशी भांडलासुद्धा आणि शेवटी तिचंच बरोबर आहे असं मान्य करून टाकलं. घर आलं आणि बोलणं संपलेलं नसलं, तर खाली गाडीत बसून संपवायचा. तोंडातून शब्द न काढणारा माणूस अशी त्याची हॉस्पिटलमध्ये ख्याती होती. नर्सेस त्याला 'मुके डॉक्टर' म्हणायच्या, आणि त्याला ते ठाऊक होतं. त्या गाडीत मात्र तो बडबड्या होता. गुडघा कुरकुरायला लागला, क्लच दाबताना कळ यायला लागली, हाडांच्या डॉक्टरनं आता ही गाडी पुरे असं सांगितलं, तेव्हा त्याला वेगाची, इंजिनाच्या आवाजाची काही हळहळ वाटली नाही. आता बोलायचं कुठे, एवढंच वाटलं.

दुपारी लेकीचा फोन आला. तिनं प्रश्न वाचला होता. "बाबा, उत्तर द्या लवकर. तुम्ही गप्प बसलात की लोकांना वाटतं, दाल में काला." लेकीला कामाच्या गडबडीत दुसऱ्या भाषेतलं काहीतरी आठवायचं. तो म्हणाला, काय लिहू? "काय म्हणजे? सीट का नवी दिसते ते लिहा. कव्हर होतं ना तिच्यावर?" कव्हर नव्हतं. "मग होतं म्हणून लिहा. कोण बघायला आलंय! बसलं नाही कुणी असं लिहिलंत तर कुणाचा विश्वास बसेल? नवरा-बायको असलेल्या घरात?" हे बोलून ती एकदम थांबली. फोनवर तिच्या ऑफिसातला कुणाचा तरी आवाज ऐकू येत राहिला. मग ती जरा हळू म्हणाली, "आई खरंच कधी बसली नाही?" तो म्हणाला, "आईला कमी उंचीच्या गाडीत त्रास होतो." हे त्यानं आत्ताच, जागच्या जागी तयार केलं होतं. लेक म्हणाली, "बरं," आणि तिनं फोन ठेवला, पण ते 'बरं' हुबेहूब आईचं होतं. तो कव्हरचं वाक्य लिहायला बसला. चांगलं, सोज्वळ, कुणाच्या केसालाही धक्का न लावणारं खोटं. लिहून झालं. वाचून बघितलं. मग त्याला त्या अनोळखी जावयाची अडचण वाटायला लागली. त्या माणसानं फोटो मोठा करून करून पट्ट्याची वीण बघितली होती. सीटवर पडायला हवी होती ती घडी पडलेली नाही, हे इतक्या वर्षांत फक्त त्याच्या नजरेत आलं होतं. अशा माणसाला कव्हर सांगायचं म्हणजे टेबलावरच्या पेशंटला 'काही टोचणार नाही' म्हणण्यापैकी होतं, आणि ते तो कधीच म्हणत नसे. त्यानं वाक्य पुसलं आणि लिहिलं: 'अपघात झालेला नाही. सीट मूळचीच आहे, नंबर जुळवून बघता येईल. तिच्यावर कुणी बसलेलं नाही.' काही वेळानं खाली उत्तर आलं. 'कुणीच नाही? एवढ्या वर्षांत?' त्यानं लिहिलं, 'कुणीच नाही.' ते दोन शब्द पाठवून त्यानं फोन खिशात टाकला.

यावर जग उलटंपालटं होईल अशी त्याची कल्पना होती. झालं ते वेगळंच. जावयानं सीटच्या खालच्या नंबराचा फोटो मागितला, त्यानं संध्याकाळी हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये गुडघे टेकून तो काढून पाठवला, आणि जावयानं जाहीर केलं की सीट अस्सल आहे, मालकांची माफी मागतो. मग बोली अशी काही उसळली की बस्स. कुणी न बसलेली सीट ही लोकांना भलतीच आवडली. 'एकट्या माणसाची गाडी म्हणजे सोनं,' कुणीतरी लिहिलं. 'ना पोरांचे पाय, ना बायकोची लिपस्टिक.' दुसऱ्यानं लिहिलं, 'मालक ब्रह्मचारी दिसतात. गाडीचं नशीब.' त्याखाली हसऱ्या चेहऱ्यांची माळ. कुणी वाईट बोलत नव्हतं. सगळे खुशीत होते. त्याच्या वाक्याला भाव आला होता, आणि तो पार्किंगमध्ये दुखरा गुडघा चोळत उभा राहून ते वाचत होता. गाडीत बसल्यावर त्यानं सवयीनं तोंड उघडलं. पण आज जे झालं होतं ते तिला सांगण्यासारखं नव्हतं, कारण ते तिच्याचबद्दल होतं. घरापर्यंत तो एक अक्षर बोलला नाही.

बायको टेबलाशी बसून रंगीत कागदाचे मासे कापत होती. ती लहान मुलांना शिकवायची. मासे, ढग, टोप्या, काही ना काही कापणं चाललेलंच असायचं. तिनं वर न बघता विचारलं, "ब्रह्मचारी, जेवणार कधी?" तो खुर्ची ओढून बसला. "वाचलंस?" "वाचलं. चांगलं लिहिलंत. खरं तेच लिहिलंत." कात्री माशाच्या शेपटीशी वळली. "मला वाटलं तुम्ही कव्हर-बिव्हर लिहाल." तो म्हणाला, "लिहिलं होतं. पुसलं." ती हसली, पण नेहमीच्या हसण्यापेक्षा ते जरा लवकर संपलं. मग ती म्हणाली, "तुम्ही एकदाच म्हणालात, बस म्हणून." तो म्हणाला, "तू नाही म्हणालीस." "मी नाही कुठे म्हणाले? आई गॅलरीत उभ्या होत्या. हॉर्न ऐकून बाहेर आल्या होत्या, कौतुकानं बघत होत्या वरून. त्यांच्या डोळ्यांदेखत आपण दोघं भुर्रकन निघून जायचं? मला नाही झालं ते." तिनं वर कुठेतरी बघितलं होतं, ते वर म्हणजे गॅलरी होती. त्यानं आजवर ते आकाश धरलं होतं. "मग नंतर?" त्यानं विचारलं. "आई गेल्यावर?" तिनं मासा खाली ठेवला. "नंतर मला वाटलं, तेवढीच काय ती तुमची एकट्याची जागा आहे. राहू दे. गाडी खाली येऊन उभी राहायची ना, ते मी वरून बघायचे. दिवे चालू, तुम्ही आत बसलेले. उतरायचा नाहीत. मी म्हणायचे, घरी यायचं इतकं जिवावर येतंय का यांच्या." हे ती रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती ते मुलांची हजेरी सांगावी तसं म्हणाली. त्याला खूप वाईट वाटलं. त्याला म्हणायचं होतं, मी तुझ्याशीच बोलत असायचो, पण ते वाक्य इतकं वेडगळ वाटलं की तो म्हणाला, "रेडिओवर गाणं लागलेलं असायचं. संपेपर्यंत बसायचो." "हं," ती म्हणाली आणि तिनं दुसरा कागद घेतला. जेवताना लेकीचा विषय निघाला, मग गुडघ्याचा. दोघंही नेहमीपेक्षा जरा जास्त सांभाळून बोलत होते, घरात पाहुणे असल्यासारखं.

लिलाव संपला. घेणारा पलीकडच्या शहरातला निघाला. जावई नव्हे, दुसराच कुणीतरी, जो एक अक्षरही न लिहिता गुपचूप बोली वाढवत राहिला होता. कंपनीनं त्याची ओळख तपासली, पैसे जमा झाल्याचं कळवलं, आणि बँकेच्या आवारात किल्ली द्यायचं ठरलं. लेकीनं फोन करून सगळं पुन्हा एकदा घोकून घेतलं. शनिवारी सकाळी तो निघाला तेव्हा बायको चपला घालून तयार होती. "मी येते. तुम्हाला परत कोण आणणार?" खाली आल्यावर त्यानं छोट्या गाडीचं शेजारचं दार उघडून धरलं. आयुष्यात त्यानं कुणासाठी असं दार उघडून धरलं नव्हतं, आणि उघडल्यावर त्याचे कान गरम झाले. "बस," तो म्हणाला. "आता तरी." तिनं आत वाकून बघितलं. सीटवरून हात फिरवला, एकदा इकडून, एकदा तिकडून, मुलाच्या कपाळाला हात लावून ताप बघावा तसा. मग सरळ झाली. "नको. सुरकुती पडेल." त्याला वाटलं ती थट्टा करते आहे. "अहो, खरंच. तुम्ही लिहून दिलंय ना, कुणी बसलेलं नाही म्हणून? त्या माणसानं त्याच्यावर विश्वास ठेवून गाडी घेतली. शेवटच्या दिवशी मी बसले तर ते खोटं झालं की." तो म्हणाला, त्याला काय कळणार आहे! "तुम्हाला कळेल," ती म्हणाली, "आणि मला." तिनं पर्समधून मोठ्या गाडीची किल्ली काढली. मग तो पुढे आणि ती मागे, असे ते बँकेपर्यंत गेले. आरशात तिची गाडी सारखी दिसत होती. ती दोन्ही हात घट्ट धरून, जरा पुढे वाकून चालवायची. सिग्नलला मध्ये दुसरी गाडी घुसली तर तो हळू जायचा, ती आरशात परत दिसेपर्यंत.

घेणारा हा चाळिशीचा, लठ्ठ, लाजाळू माणूस होता. हिशेबनीस होता आणि त्यानं गाडीला हात लावायच्या आधी रुमालानं हात पुसले. कागदांवर सह्या झाल्या, किल्ली दिली. एवढ्यात टॅक्सीतून एक म्हाताऱ्या बाई उतरल्या, काठी, पिशवी, पाण्याची बाटली असा सगळा संसार घेऊन. "माझी आई," तो माणूस म्हणाला. "हट्टच धरला, पहिल्यांदा मीच बसणार म्हणून." म्हातारबाई गाडीपाशी आल्या आणि तिच्या उंचीकडे बघून म्हणाल्या, "ही काय जमिनीत पुरलीय का?" मग पाठमोऱ्या झाल्या, मुलाचे दोन्ही हात धरले आणि धपकन मागे बसल्या. आधी बसल्या, मग एक पाय उचलून आत, मग दुसरा. झालं. पिशवी पायाशी, काठी दोन सीटच्या मध्ये, बाटली दाराच्या कप्प्यात. पट्टा त्यांना ओढता येईना, तो कडकच होता. मुलानं वाकून लावून दिला. "हं, चल आता," त्या म्हणाल्या, "लवकर, कुणाला तरी दाखवून येऊ." सीटच्या चामड्यानं पहिल्यांदाच कुरकुर केली. गाडी खोकली, सुरू झाली आणि म्हातारबाईंचा हात खिडकीतून हलला, कुणाला उद्देशून ते कळलं नाही. ते दोघं आवाराच्या फाटकापर्यंत गाडीकडे बघत राहिले. नंतर त्यानं बायकोकडे बघितलं तर ती त्याच्याकडेच बघत होती. बोलायची गरज नव्हती, तरी ती बोलली. "आईंना बसता आलं असतं की हो." तो म्हणाला, "हो." "पुढे, तुमच्या शेजारी." "हो." त्याला गॅलरीत उभी असलेली आई दिसली, आता पहिल्यांदाच दिसली. आई मागेच बसते. त्या दोघांनी हे इतकं धरून ठेवलं होतं की दोनच सीट असलेल्या गाडीत आईला जागा नाही असं दोघांनाही वाटलं, आणि त्या एका गोष्टीसाठी बायको बसली नाही, आणि आईला मात्र कुणी बस म्हटलंच नाही. बायकोनं डोळे पुसले नाहीत, नुसता चष्मा पुसला.

मोठी गाडी तिनंच चालवायची असं न बोलताच ठरलं. तो शेजारी बसला. या सीटवर तो कधी बसला नव्हता. ती पुढेमागे कशी होते तेही त्याला माहीत नव्हतं, आणि त्याचे गुडघे समोरच्या कप्प्याला लागत होते. तिनं एका हातानं खालचा दांडा ओढून दिला. रस्त्याला लागल्यावर तो समोर बघत म्हणाला, "ते गाणं-बिणं काही नसायचं." ती म्हणाली, "माहितीये. रेडिओ बिघडलाय असं तुम्हीच लिहिलं होतंत त्या लिलावात." त्यानं पट्टा ओढून सैल केला. मग म्हणाला, "तुझ्याशी बोलत असायचो." तिनं मान वळवली नाही, ती चालवताना मान वळवत नसे. "कुठे? गाडीत?" "हो. तू शेजारी आहेस असं समजून. सगळं सांगायचो, दिवसभराचं. म्हणून वर आल्यावर काही उरायचं नाही." पुढची बस थांबली, तिनंही गाडी थांबवली. बसमधली माणसं उतरली, चढली, बस गेली, तरी ती थांबूनच होती. मागून हॉर्न वाजल्यावर निघाली. "आणि मी काय म्हणायचे?" "तू काही नाही. तू ऐकून घ्यायचीस." "मी? ऐकून?" ती हसायला लागली, मोठ्यानं, खांदे हलवत, आणि हसता हसता तिचा आवाज फाटला. "मग ती दुसरीच कुणीतरी होती हो. मी नव्हे."

तोही हसला. मग तिनं नाक पुसलं आणि म्हणाली, "बरं, सांगा आता. कालचं सांगा." त्याला वाटलं होतं ते सोपं जाईल, पण तसं ते गेलं नाही. त्या सीटला सगळं आधीच ठाऊक असायचं. हिला ऑपरेशनचं नाव काय, कुठे कापलं, सगळं मुळापासून सांगावं लागत होतं. ती मध्येच विचारायची, चुकीच्या ठिकाणी थांबवायची. तरी तो सांगत गेला. काल एक म्हातारा होता, पोटाचं ऑपरेशन. टेबलावर घेतलं तरी हात सोडेना. भूल चढायला लागली तरी तेच, तेच विचारत होता, बायको बाहेर आहे ना माझी? "मग?" ती म्हणाली. "मी म्हटलं, आहे, आहे. मग झोपला." "होती का?" तो म्हणाला, "काय?" "बाहेर होती का ती?" तीस वर्षं तो सगळ्यांना आहे म्हणत आला होता. त्यानं बाहेर जाऊन कधी बघितलं नव्हतं. भूलतज्ज्ञ दुसऱ्या दारानं जातो. "मी बघितलं नाही," तो म्हणाला. तिनं वळणावर दिवा लावला, पुढची सायकल जाऊ दिली, सावकाश गाडी वळवली.

"असेल हो," ती मग म्हणाली. "बाहेरच असेल. आम्ही कुठे जातो?"